पिशवीतल्या फोटोंचा हिशेब



गेल्या वेळी भविष्य निर्वाह निधीतील वारसनोंदीविषयी उरलेला मजकूर पुढच्या अंकी देईन, असे कबूल केले होते. तो आणखी एक आठवडा थांबेल. मधल्या काळात एक प्रकरण असे हाती आले की ते आधी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. विषय आजारपणाचा आहे आणि मी डॉक्टर नाही. मी कचेरीत आकडे लिहिणारा माणूस. पण या प्रकरणात आकडे लिहिणाऱ्याचेच काम राहून गेले होते.

आमच्या वसाहतीत एक ताई राहतात. अंगणवाडीत मदतनीस आहेत, यजमान हयात नाहीत. त्यांचा मुलगा आज २३ वर्षांचा आहे. दहावीत असताना त्याचे पोट दुखू लागले. जुलाब, ताप, जेवण अंगी लागेना. बेरियम पाजून फोटो काढले, आतड्याच्या शेवटच्या भागात सूज दिसली. आतड्याचा क्षय आहे असे समजून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने गोळ्या खाऊनही पोरगा वाळतच गेला. मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला आणि नवीनच नाव कळले, क्रोन्सचा आजार.

यात त्या पहिल्या डॉक्टरांची काही चूक होती असे मला म्हणायचे नाही. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. तो आणि आतड्याचा क्षय ही दोन भावंडे दिसावीत इतकी सारखी असतात. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, तीच जागा दोघांच्याही आवडीची. आपल्या देशात क्षय भरपूर, म्हणून डॉक्टरांना आधी क्षयाचाच संशय येतो. औषधाचा गुण येतो का हे पाहण्यात महिने जातात, आणि पाहायचे म्हणजे पुन्हा फोटो.

क्रोन्स एकदा आला की जन्माची सोबत करतो. औषधाने दबतो, पुन्हा उसळतो. आतडे अरुंद होते, अडते, कधी त्याला भोक पडते, कधी आत पू साठतो. दरवेळी आत काय चालले आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून दर उसळीला सोनोग्राफी, एक्स-रे, सीटी स्कॅन. मुलगा नोकरीनिमित्त दोन वर्षे दुसऱ्या शहरात होता, तिथले दवाखाने वेगळे. गावी गेला असताना दुखले, तिथला दवाखाना वेगळा.

या वर्षी फेब्रुवारीत एका संध्याकाळी ताई दाराशी आल्या. हातात चिठ्ठी.

“जयभीम भाऊ. उद्या पुन्हा पोटाचा फोटो सांगितलाय. तो मोठा, गोल मशिनीतला. साडेचार हजार सांगतात. महिनाअखेर आहे, बघा काही जमलं तर.”

“ताई, पैशाचं बघू. पण मागचा असला फोटो कधी काढला होता?”

“काढला होता की. मार्गशीर्षात. तोही तसलाच.”

म्हणजे आठ-नऊ आठवड्यांपूर्वी. मी म्हटले, सगळे कागद घेऊन या. त्या घरी जाऊन खिळ्याला टांगलेली कापडी पिशवी घेऊन आल्या. सात वर्षांचे फोटो, चकत्या, रिपोर्ट सगळे त्या एका पिशवीत. काही फोटो एकमेकांना चिकटलेले, काहींवरची नावे पुसलेली. मी आणि माझ्या मुलीने ते जमिनीवर तारखेप्रमाणे मांडले. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रांग लागली. ताई नुसत्या बघत राहिल्या. “एवढे?” इतकेच म्हणाल्या.

आता थोडे शास्त्र. विल्हेल्म राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले. त्याच डिसेंबरात त्याने आपल्या बायकोच्या हाताचा फोटो काढला, बोटातल्या अंगठीसकट हाडे दिसली. जग वेडे झाले. पण काही वर्षांतच कळले की हे किरण नुसते आरपार जात नाहीत, जाता जाता शरीरातील पेशींना धक्का देतात. एडिसनचा एक सहकारी या किरणांच्या प्रयोगांत हात गमावून बसला आणि १९०४ साली कर्करोगाने गेला. पुढे १९५० च्या दशकात ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्ट्यूअर्ट यांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या आयांना विचारपूस केली आणि गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्यांच्या मुलांना हा धोका जास्त असल्याचे दाखवून दिले. बड्या बड्या डॉक्टरांनी ते मानायला पुष्कळ वर्षे घेतली. बायांना विचारून मिळालेली माहिती ती, लवकर कोण मानतो!

सीटी स्कॅन म्हणजे हेच एक्स-रे, पण यंत्र माणसाभोवती फिरवून शेकडो बाजूंनी घेतलेले आणि संगणकाने जुळवलेले. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने ते घडवले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू त्याने पाहिला गेला आणि १९७९ साली हाउन्सफील्डला नोबेल मिळाले. गडी ईएमआय कंपनीत नोकरीला होता. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या ज्या रेकॉर्डी आपले वाडवडील ऐकत, ती एचएमव्ही खूण याच कंपनीची.

किरणांचे माप मिलिसिव्हर्ट या एककात करतात. आपण काही न करता नुसते जगलो, तरी माती, दगड, आकाश, अन्न यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीचा एक साधा एक्स-रे म्हणजे जेमतेम ०.०२. त्याला मुळीच भिऊ नये. पोटाचा साधा एक्स-रे साधारण ०.७. बेरियम पाजून लहान आतड्याचे जे फोटो घेतात ते सुमारे ५. आणि पोट व ओटीपोटाचा सीटी स्कॅन सुमारे १०. म्हणजे एका सीटीत छातीचे पाचशे एक्स-रे! सर्वसामान्य माणसाला आपण सांगतो, “फोटो काढला.” भाषेत दोन्ही फोटोच. वहीत मात्र एक रुपया आणि पाचशे रुपये एकाच रकान्यात “खर्च” म्हणून लिहिण्यासारखे आहे ते.

एका चकतीत शेवटी एक आकड्यांचे पान सापडले. ते सहसा कोणी बघत नाही. त्यात ‘डीएलपी’ नावाचा एकूण आकडा असतो. मोठ्या माणसाच्या पोटाच्या स्कॅनसाठी त्याला ०.०१५ ने गुणले की अंदाजे मिलिसिव्हर्ट येतात. लहान मुलांसाठी गुणक वेगळा. त्या पानावर १,३४० लिहिले होते, म्हणजे २०.१. दुप्पट का? तर आधी साधा आणि मग शिरेत औषध सोडून पुन्हा, असा तोच भाग दोनदा पाहिला होता. बाकीच्या स्कॅनचे आकडे मिळाले नाहीत, तिथे सरासरी धरली.

मग कीर्द लिहायला बसलो. छातीचे एक्स-रे ६, बेरीज ०.१२. पोटाचे साधे ११, बेरीज ७.७. बेरियमचे २, बेरीज १०. सीटी ५, पैकी चारांचे ४० आणि एकाचे २०.१. एकूण ७७.९२. सोळाव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत. निसर्गाकडून इतके मिळायला माणसाला ३२ वर्षे लागतात.

हा आकडा मोठा की लहान? मी इकडे तिकडे विचारले, वाचले. आयर्लंडमधील कॉर्क येथील डॉक्टरांनी असाच हिशेब मांडला होता, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. १९९२ ते २००७ या १५ वर्षांतले ४०९ क्रोन्सचे रुग्ण त्यांनी घेतले. सरासरी रुग्णाच्या अंगावर ३६.१ मिलिसिव्हर्ट जमा होते. पण शंभरातल्या १५ ते १६ जणांच्या खात्यावर ७५ च्या वर होते, आणि एकूण किरणांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक एकट्या सीटीचे होते. कोणाच्या खात्यावर जास्त? ज्यांना १७ वर्षांच्या आत आजार झाला, ज्यांच्या आतड्याला भोके पडली, ज्यांच्यावर एकाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. म्हणजे जे सर्वांत तरुण आणि सर्वांत आजारी, तेच. आमच्या ताईंचा मुलगा त्या पंधरा-सोळात बसतो.

आपल्या देशात एक्स-रे खात्यात काम करणाऱ्या कामगाराच्या छातीला एक छोटा बिल्ला असतो. तो ठरावीक काळाने तपासणीला जातो आणि त्याच्या अंगावर किती किरण पडले याची नोंद राहते. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक परिषदेने त्याची मर्यादा घातली आहे. पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. रुग्णाला मर्यादा नाही. हे मुद्दामच तसे ठेवले आहे आणि त्याचे कारणही बरोबर आहे. मरायला टेकलेल्याला “तुझा कोटा संपला” म्हणून परत पाठवता येत नाही. पण मर्यादा नाही म्हणून नोंदही नाही, हे मात्र माझ्या बुद्धीला पटले नाही. फोटो काढणाऱ्याच्या छातीला बिल्ला आणि ज्याचा काढला त्याच्याकडे खिळ्यावरची पिशवी!

धोका किती, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर मी नुसते भय पसरवल्यासारखे होईल. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांवर गेली अनेक दशके लक्ष ठेवले आहे, त्यावरून मुख्यतः हे अंदाज बांधतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००६ सालच्या अहवालाचा ढोबळ अर्थ असा की १०० माणसांच्या अंगावर प्रत्येकी १०० मिलिसिव्हर्ट पडले, तर त्यांतील एकाला आयुष्यात कधीतरी त्यामुळे कर्करोग होऊ शकेल. त्याच १०० माणसांतील ४२ जणांना तो इतर कारणांनी होणारच असतो. इतक्या कमी मात्रेतही धोका त्याच प्रमाणात असतो का, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. पण वय लहान तितका धोका जास्त, हे सर्वसाधारण मान्य आहे. युरोपातील नऊ देशांत लहानपणी किंवा तरुणपणी सीटी झालेल्या सुमारे साडेनऊ लाख जणांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. १०,००० मुलांचे स्कॅन केले, तर पुढच्या १२ वर्षांत त्यामुळे रक्ताच्या कर्करोगाचे एक-दोन रुग्ण वाढतील, असा त्याचा निष्कर्ष. दहा हजारांत एक-दोन. एका मुलासाठी फार थोडे. पण पाच, सहा, दहा वेळा ज्याला जावे लागते त्याने मोजायला नको का? शिवाय या आजारात आतड्याची जुनी सूज आणि काही औषधेही आपापल्या परीने कर्करोगाचा धोका थोडा वाढवतात. म्हणजे खाते आधीच उघडलेले आहे.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून अर्धी रजा काढून मी माय-लेकांबरोबर गेलो. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. रांगेत तीन तास गेल्यावर एका तरुण डॉक्टरसाहेबांसमोर उभे राहिलो. मार्गशीर्षातला स्कॅन टेबलावर ठेवला आणि विचारले, “साहेब, हा दोन महिन्यांपूर्वीचा आहे. याच्यावर भागेल का?”

“तुम्ही मेडिकलचे आहात का?”

“नाही साहेब. बीकॉम.”

“मग? स्कॅन मीच लिहिलाय ना? नको असेल तर तसं लिहून द्या, रिस्क तुमची.”

ताई माझा शर्ट मागून ओढू लागल्या. डॉक्टरांना राग येईल, पोराला बघणार नाहीत, ही भीती. ती भीती मी ओळखतो. आमच्या आईला जन्मभर होती. साहेबांचेही खोटे नव्हते, बाहेर दोनशे माणूस बसले होते आणि ते सकाळपासून उपाशी दिसत होते.

मी वाद घातला नाही. तो हिशेबाचा कागद तेवढा पुढे सरकवला. त्यांनी तो पाहिला, पुन्हा पाहिला, आणि उठून आतल्या मोठ्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. बाई बाहेर आल्या. त्यांनी चकती संगणकावर लावली, मुलाचे पोट तपासले, ताप विचारला. मग म्हणाल्या, “हा स्कॅन तुम्ही आधी का नाही दाखवला?”

ताई म्हणाल्या, “कुणी मागितलाच नाही, बाई.”

साऱ्या प्रकरणाची मुळी तिथे होती. आधीचे काही आहे का असे यांनी विचारले नाही, आणि न विचारता पिशवी उघडण्याची हिंमत त्यांना झाली नाही.

बाईंनी सीटी रद्द केला. विष्ठेची एक तपासणी लिहिली, कॅलप्रोटेक्टिन नावाची. आतड्याला खरी सूज असेल तर पांढऱ्या पेशींतील हा पदार्थ विष्ठेत वाढतो. शिवाय आतड्याची सोनोग्राफी. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात, एमआरआयमध्ये चुंबक. दोन्हींत हे किरण नाहीत. क्रोन्सच्या रुग्णावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे तर शक्य तिथे याच दोहोंचा वापर करावा, असे जगभरातील जाणकार आता सांगतात. दुर्बिणीच्या तपासातही किरण नसतात. मग सगळीकडे एमआरआयच का करत नाहीत? महाग आहे, यंत्रे कमी आहेत, नंबर उशिरा लागतो, अर्धा-पाऊण तास आत पडावे लागते, श्वास रोखावा लागतो. सोनोग्राफीत आतड्यातला वायू आडवा येतो आणि हात तयार असलेला डॉक्टर लागतो. सीटी पाच-दहा मिनिटांत होतो आणि कुठेही होतो. म्हणून सोपा हात तिकडे जातो.

त्या वेळी सोनोग्राफीत आतड्याची भिंत थोडी जाड निघाली, तपासणीचा आकडा वाढलेला निघाला. औषध बदलले आणि मुलगा तीन आठवड्यांत कामावर गेला. साडेचार हजार वाचले म्हणावेत तर त्यातले बरेचसे त्या विष्ठेच्या तपासणीतच गेले. ती बाहेरून करावी लागली.

इथे एक कबुली देतो. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही वस्तीत आरोग्य शिबिरे भरवत असू. “गरिबाला स्कॅन का लिहून देत नाही? पैसेवाला असता तर दिला असता ना?” असे मी एका दवाखान्यात टेबलावर हात आपटून विचारले होते. टाळ्याही मिळाल्या होत्या. आपल्या माणसाला यंत्रापर्यंत पोचूच देत नसत, हे तेव्हा खरे होते आणि आजही अनेक ठिकाणी खरे आहे. पण यंत्र म्हणजे उपचार, जितके मोठे तितके चांगले, ही समजूत पसरवण्यात माझाही हात आहे. आजही बायाबापड्या डॉक्टरांनाच म्हणतात, “एकदा फोटो काढूनच टाका ना साहेब.” न काढणारा डॉक्टर आपल्याला कच्चा वाटतो.

जुलैत पावसाच्या ऐन जोरात, रात्री एक वाजता मुलाला उलट्या सुरू झाल्या. पोट फळीसारखे घट्ट. रिक्षा मिळेना, शेजारच्या टेम्पोतून नेले. एक्स-रे झाले आणि डॉक्टर म्हणाले, लगेच सीटी. ताईंनी माझ्याकडे पाहिले. फेब्रुवारीत मीच नको म्हणायला लावले होते ना! मी म्हटले, “ताई, सही करा. आता विचारायची वेळ नाही.” आतड्याला भोक पडले होते, ते नेमके कुठे हे स्कॅनमध्ये दिसले. पहाटे शस्त्रक्रिया झाली. त्या रात्री मी किरणांचे गणित काढून अडून बसलो असतो, तर आज हे सदर लिहायला मला तोंड राहिले नसते.

म्हणून कोणी हा अंक हातात घेऊन डॉक्टरांशी भांडायला जाऊ नये. डॉक्टर तातडीचा म्हणतात तो स्कॅन करावाच. तातडीचा नसेल तेव्हा शांतपणे दोन गोष्टी विचाराव्यात, मागच्या फोटोवर भागेल का, आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय चालेल का. पाळी चुकली असेल तर बायांनी एक्स-रेच्या दाराशीच सांगावे, लाजू नये. चकती मागून घ्यावी, नुसत्या रिपोर्टावर समाधान मानू नये. घरात ज्याला लिहिता येते त्याने एका वहीत तारीख, दवाखाना, कोणता फोटो, आणि मिळाला तर तो डीएलपी आकडा उतरवावा. ज्यांना वर्षातून एखाद-दुसराच एक्स-रे लागतो, त्यांनी हा उद्योग केला नाही तरी चालेल.

मुलगा आता घरी आहे, मऊ भात खातो. परवा भेटायला गेलो तेव्हा दोनशे पानी वही त्याच्या उशाशी होती. जुलैतले पोटाचे दोन एक्स-रे, छातीचा एक आणि ९.६ चा तो स्कॅन धरून मी ८८.९४ अशी बेरीज लिहून दिली होती. त्याने वही माझ्यापुढे केली.

“काका, तुमची बेरीज चुकली.”

मला जरा लागलेच. वीस वर्षे हिशेबाच्या टेबलावर बसतो मी.

“नववीत असताना दाताचा एक्स-रे काढला होता. तो धरलाच नाही तुम्ही. ०.००५.”

त्याने शेवटचा आकडा खोडून ८८.९४५ असा सुबक लिहिला, आणि आईला म्हणाला, “ती पिशवी जरा खाली घे, दाताचा फोटो तिच्यात आहे का बघू.”